टिकटिक्या आणि शनिवारची डोकी

मी टिकटिक्या बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, माझ्याजवळ शब्द एकच आहे, "टिक". तेवढ्यावर अख्खी हयात काढली. माणसांना हजारो शब्द येतात, तरी कार्यक्रम संपल्यावर "छान झाला हं" यापुढे कोणी जात नाही. तेव्हा माझं फार काही अडलं असं मला वाटत नाही.

ओळखलं नसेल तर सांगतो. मुठीत मावणारी लोखंडी डबी, तोंडावर आकड्यांची खिडकी, डोक्यावर अंगठ्याने दाबायचं बटण आणि कुशीला शून्यावर आणायची चावी. एकदा दाबलं की एक आकडा पुढे. मागे जाणं माझ्या नशिबात नाही.

कारखान्यात एका तपासनीस बाईंनी मला वीस वेळा दाबून पाहिलं. शेजारचा माझा भाऊ नवावरून एकदम अकरावर गेला. बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि त्याला भंगाराच्या टोपलीत टाकलं. त्या दिवशी मी कानाला खडा लावला, आकडा चुकवायचा नाही. मला कान नाहीत, पण निश्चय पक्का होता.

पहिली नोकरी अंडी उबवायच्या केंद्रात. तिथे पिल्लं मोजायची. पिल्लं फार गुणी हो! या खोक्यातून त्या खोक्यात गेली की गेली. फोन आला म्हणून परत बाहेर येणारं पिल्लू मी पाहिलं नाही. "हे आमच्या ओळखीचे, यांना जरा पुढे बसू द्या" असं म्हणणारंही नाही. पुढे केंद्राने मोठं यंत्र आणलं आणि मी जुन्या सामानाच्या दुकानात काचेआड येऊन पडलो. तिथून मला ताईंनी उचललं.

ताई म्हणजे कलासंग्रहालयात लोकांसाठी कार्यक्रम ठरवणाऱ्या बाई. दर शनिवारी दुपारी चार वाजता वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये त्या काही ना काही करत. कधी व्याख्यान, कधी माहितीपट, कधी आईबाप आणि पोरं मिळून मातीकाम. प्रवेश मोफत, वर चहा. तिकीट नसल्यामुळे किती लोक आले हे कळायला मार्ग नव्हता. म्हणून मी.

हॉलच्या दारावर काका असत. बावीस वर्षं त्याच दारावर. दार अर्धं उघडं ठेवून उभे राहायचे, एक डोळा जिन्याकडे आणि एक कान आत. कार्यक्रमाचं रजिस्टरही त्यांच्याकडेच. मी दाखवीन तो आकडा ते सुरेख अक्षरात त्यात लिहीत. ताईंनी मला त्यांच्या हातात दिलं तेव्हा त्यांनी मला रुमालाने पुसलं. इतक्या मायेने मला त्याआधी कोणी पुसलं नव्हतं.

काकांच्या मुठीतून मी माणसं पाहिली. पहिल्या रांगेत त्यांना काय चावतं कोण जाणे! येणारा प्रत्येक जण आधी शेवटच्या रांगेकडे धावतो. दोन खुर्च्यांवर बसतो, एकीवर स्वतः आणि एकीवर पिशवी. वक्ता "दोनच मिनिटं घेतो" म्हणाला की जाणकार लोक बूट सैल करतात.

आणि एक आजोबा होते. प्रश्नोत्तरं सुरू झाली की पहिला हात त्यांचा. खिशातून चिठ्ठी काढायची, चष्मा पुसायचा आणि विचारायचं, "चित्रात खिडकीतून एवढा लख्ख उजेड येतोय, मग टेबलावर मेणबत्ती कशाला पेटवलीय?" वक्ता घाईने पाणी प्यायचा. आजोबा शांतपणे म्हणायचे, "सावकाश सांगा. लिहून घ्यायचंय." लोक त्यांना पाठीमागे पंडित म्हणत.

आता माझ्या पापाकडे येतो.

एकदा जुनी चित्रं साफ करणाऱ्या एक बाई बोलायला आल्या होत्या. माणसं आली एकतीस. दार लोटलं. बाई सांगत होत्या, "कापसाच्या बोळ्याला थोडी थुंकी लावायची आणि हलकेच पुसायचं. तीनशे वर्षांचा मळ काढायला याहून सौम्य काही नाही."

काकांचा अंगठा खाली आला. टिक.

मी दचकलो. आत कोणी आलं नव्हतं. तोवर बाई म्हणाल्या, "चार महिने मी नुसतं आकाश पुसत होते. तर त्यातून एक पक्षी बाहेर आला. कोणी तरी त्याच्यावर रंग फासला होता." टिक, टिक.

तुम्ही रंगून गेलात की मान डोलावता, कोणी मांडीवर थाप मारतं. काकांचा अंगठा डोलत होता आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. मागच्या रांगेतल्या एक बाई शेजारणीला म्हणाल्या, "इथे पाल आहे वाटतं." कार्यक्रम संपला तेव्हा मी अठ्ठावन्नवर होतो. काकांनी रजिस्टरात लिहिलं, ५८.

पुढच्या शनिवारी एका विद्वानांनी चौकट या विषयावर पावणेदोन तास भाषण केलं. माणसं आली बावीस, मी दाखवले बावीस. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.

ताई रजिस्टर चाळून खूश व्हायच्या. "बघा काका, लोकांना बरोब्बर कळतं. कार्यक्रम चांगला असला की साठ, रटाळ असला की वीस." आणि त्या आकड्यांवरून पुढचे वक्ते ठरवायच्या. गंमत म्हणजे कार्यक्रम खरोखरच चांगले होत गेले. मला मात्र टोपलीतला भाऊ आठवायचा. एका दाबाला एक आकडा हा माझा धर्म, का दाबलं ते विचारणं माझं काम नाही, अशी मी मनाची समजूत घालत होतो. ती काही नीट पटत नव्हती.

अशात संचालक साहेबांच्या डोळ्यांवर हॉल आला. चित्रं ठेवायच्या लाकडी पेट्या वाढल्या होत्या, त्यांना जागा हवी होती. ते ताईंना म्हणाले, "शनिवारी चाळीस माणसंसुद्धा येत नसतील तर हॉल अडवायचा कशाला?" ताईंनी रजिस्टर पुढे केलं. सरासरी चौपन्न! साहेबांनी रजिस्टर मिटून परत दिलं. बाहेर येऊन ताई म्हणाल्या, "काका, तुमच्या मोजणीवर हॉल उभा आहे." काका लाजले. मला तिथल्या तिथे गंज चढायचा बाकी राहिला.

पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. इथे उजाडलं ते कपबशीतून. चहा करणाऱ्या मावशींना ताई रजिस्टर बघून चहा सांगायच्या. एका शनिवारी सुट्टी असूनही राहिलेल्या कामासाठी आलेले साहेब स्वतःच चहा घ्यायला आत डोकावले, तर मावशी किटली मोरीत रिकामी करत होत्या.

"मावशी, एवढा चहा ओतून देताय?"

"मग काय डोक्यावर ओतून घेऊ? ताई म्हणतात साठ. माझ्या हाताखाली उष्टे कप येतात तीस-बत्तीस. बाकीचे न पिता जातात की कपासकट जातात, ते मला नका विचारू."

दहा मिनिटांत साहेबांच्या खोलीत सगळे हजर. काकांच्या मुठीत मी.

"काका, खोटे आकडे लिहिलेत?"

काकांचा चेहरा पडला. "साहेब, बावीस वर्षांत इथली एक टाचणी घरी नेली नाही मी. हा दाखवतो तेच लिहितो."

"मग त्या चित्रं पुसणाऱ्या बाईंच्या दिवशी अठ्ठावन्न लोक कुठून आले?"

"आले असतील की! काय रंगला होता तो कार्यक्रम! तुम्ही नव्हता साहेब. त्या बाई थुंकीने चित्र पुसतात, थुंकीने!"

टिक.

"आणि आकाशातून पक्षी निघाला हो!"

टिक, टिक.

खोलीत सगळे काकांच्या अंगठ्याकडे बघत होते. शेवटी काकांनीही पाहिलं, दुसऱ्या कोणाचा असावा तसं.

"अगं बाई," मावशी म्हणाल्या, "हा टिकटिक्या माणसं नाही मोजत. हा तर यांचा आनंद मोजतोय!"

माझं नाव तेव्हापासूनचं. मला ते आवडलं, पण आवडण्याची ती वेळ नव्हती. काका खुर्चीत बसले. "ताई, माझ्यापायी गेला तुमचा हॉल," एवढंच म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. मला फार वाईट वाटलं. बटण घट्ट धरून ठेवता आलं असतं तर मी धरून ठेवलं असतं.

साहेब तसे मनाने वाईट नव्हते. ताईंच्या पडलेल्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "एक शनिवार देतो. मी स्वतः दारावर उभा राहून मोजेन. चाळीस डोकी भरली तर हॉल राहील. कर्मचारी धरायचे नाहीत. नाही भरली तर सोमवारी पेट्या वर."

त्या शनिवारचा कार्यक्रम होता 'घरातली एक वस्तू'. आसपासच्या लोकांनी घरातली एखादी वस्तू आणायची आणि तिच्याबद्दल बोलायचं. ताईंनी लॉन्ड्रीपासून औषधाच्या दुकानापर्यंत कागद चिकटवले, आणि चाळीस माणसं आली नाहीत तर हॉल पेट्यांना जाणार हेही खाली लिहिलं. काकांना त्यांनी आत खुर्चीत बसवलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच ते आत बसले होते. रिकाम्या हातांचं काय करायचं ते त्यांना सुचेना.

दारावर साहेब. सुट्टीच्या दिवसाचा चौकडीचा शर्ट, मुठीत मी. ते शिक्का मारावा तसे मला दाबत होते. छत्तीस, सदतीस, अडतीस. मग जिना रिकामा. सव्वाचार वाजले. ताई लांबून बघत होत्या. साहेबांनी मान हलवली आणि दार लोटलं.

ताई माईकपाशी गेल्या. नळ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांनी आपला पहिला पाना आणला होता. पहिल्याच दिवशी तो निसटून त्यांचाच दात पडला होता. तो दातही त्यांनी आणला होता. एका काकूंचं गजराचं घड्याळ आडवं ठेवलं तरच चालायचं. "आमच्या यांच्यासारखंच," काकू म्हणाल्या.

टिक.

मी एकोणचाळीसवर होतो. दार बंद होतं. मी साहेबांच्या अंगठ्याकडे पाहिलं आणि हबकलो.

मग आजोबा उठले. हातात एक जाड वही.

"आज आधी थोडं सांगतो, प्रश्न शेवटी," ते म्हणाले. "सात वर्षं मी इथे प्रश्न विचारतोय. त्यातला एकही माझा नाही. मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही. प्रश्न आमच्या हिचे. गुडघ्यांमुळे तिला तुमचा जिना चढवत नाही. ती चिठ्ठी लिहून देते, मी विचारतो, उत्तर लिहून घेतो आणि घरी जाऊन सांगतो. सांगताना चुकलो तर मग जेवताना भाजीत मीठ कमी असलं तरी बोलायची सोय नसते."

हॉल हसला. टिक, टिक, टिक. साहेब दाराला टेकून उभे होते आणि मी धावत सुटलो होतो.

"ही तिची वही. चारशे बारा प्रश्न आहेत. आजचा शेवटचा वाचतो." आजोबांनी चष्मा पुसला. "पेट्या काय, कुठेही राहतील. शनिवारी मी काय करू?"

कोणी हसलं नाही. हॉलमध्ये फक्त माझाच आवाज येत होता.

कार्यक्रम संपला. ताईंनी सगळ्यांसमोरच विचारलं, "साहेब, किती?"

साहेबांनी मला वर धरलं. "त्रेपन्न."

टाळ्या पडल्या. काका उभेच राहिले. मी मनात म्हटलं, संपलं, पुन्हा माझ्याच तोंडून खोटं. पण साहेबांनी हात वर केला. "थांबा. माणसं अडतीस. वरचे पंधरा माझे." त्यांचे कान लाल झाले होते. "दोन कमी पडली."

टाळ्या थांबल्या. तेवढ्यात काका म्हणाले, "साहेब, आजी धरा. त्या सात वर्षं येतायत. पाय फक्त आजोबांचे."

साहेबांनी आजोबांच्या हातातल्या वहीकडे पाहिलं. "एकोणचाळीस," ते हळूच म्हणाले.

"आणि तुम्ही कोण हो?" दारातून मावशी किटली सावरत म्हणाल्या. "शनिवारी तुम्हाला सुट्टी. सुट्टीच्या दिवशी आला तो पाहुणा. तुमचा चहा मी आजच्या चाळीस कपांतच धरलाय."

साहेब आपल्या चौकडीच्या शर्टाकडे बघत राहिले. मग त्यांनी चावी फिरवून मला शून्यावर आणलं आणि एकेका माणसाकडे बघत पुन्हा पहिल्यापासून मोजलं. एकोणचाळिसाव्याला मला वहीपुढे नेलं. चाळिसाव्याला स्वतःच्या छातीवर टेकवलं आणि दाबलं. इतका खरा आकडा मी जन्मात दाखवला नव्हता.

हॉल राहिला. पेट्या आता साहेबांच्या खोलीबाहेर आहेत आणि रोज त्यांच्या गुडघ्याला लागतात. महिन्यातला एक कार्यक्रम खालच्या दालनात होतो. आजी येतात, पहिल्या रांगेत बसतात आणि वक्त्यांना स्वतःच घाम फोडतात. आजोबा बेकार झालेत. शेवटच्या रांगेत पिशवीवर डोकं ठेवून सुखाने झोपतात.

दारावर आता भिंतीतली एक डबी माणसं मोजते. ती मावशींची चहाची गाडीही मोजते, जाताना एकदा आणि येताना एकदा. मी काही बोललेलो नाही. मी काकांजवळ असतो, आतल्या खुर्चीत. माझा आकडा आता कोणी लिहून घेत नाही. माझं बटण सैल झालंय आणि सातचा आकडा अर्धा पुसलाय, पण काका रुमालाने पुसतात.

तेव्हा या एखाद्या शनिवारी. पहिली रांग रिकामीच असते. बोलायला सांगितलं तर लाजू नका, घरातली गोष्टही चालते. आणि बोलता बोलता मागून बारीकसा आवाज आला तर पाल आहे म्हणून वर बघू नका. तो मी असेन.