बरणीतली वेल

काचेच्या बरणीत हिरवट-निळी वेल वर वर चढत होती आणि इंदिरानगरच्या त्या मंगल कार्यालयातली सगळी माणसं हात जोडून तिच्याकडे बघत होती. वेलबाबांनी बरणीतल्या तीर्थात हरभऱ्याएवढं, भस्माने माखलेलं एक बी टाकलं होतं. बघता बघता त्याला कोंब फुटला, कोंबाला फांद्या फुटल्या. माती नाही, ऊन नाही, खत नाही. ज्यांच्या नावाने बी टाकलं होतं त्या विमलाबाई गुडघेदुखी विसरून उभ्या राहिल्या आणि रडू लागल्या.

"शक्ती बीत आहे, पाण्यात नाही," बाबा माइकवर सांगत होते. "पाणी गंगेचं असो, नळाचं असो, गटारीचं असो. रोगाची मुळं शरीरातून सुटतात आणि इथं वेल होऊन वर येतात. वेल पाण्याच्या वर पोचली की रोग खलास. मग गोळी बंद, सुई बंद. सायन्स जिथं आउट ऑफ कव्हरेज जातं ना, तिथं बाबाची रेंज सुरू होते."

माणूस बोलायला मोठा वस्ताद. त्याच्या तोंडी व्हायब्रेशन होतं, ऑरा होता, मध्येच एखादं उपनिषदही होतं. कुणी प्रश्न विचारलाच तर उत्तर आधीच तयार होतं: शंकेने वेल जळते. म्हणजे वेल आली तर बाबांची कृपा, नाही आली तर तुमचं पाप. छापा पडो की काटा, जिंकणार बाबाच.

मी दाराशी धापा टाकत उभी होते. शेजारी उज्वला, माझी बारावीची विद्यार्थिनी. आता नाव पुकारलं जाणार होतं ते तिच्या धाकट्या भावाचं, रोहितचं.

तासाभरापूर्वी आम्ही दोघी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होतो. परासरण दाबाचं प्रात्यक्षिक चाललं होतं. पुस्तकातली व्याख्या मुलं धडाधड म्हणतात, पण पाणी एखाद्या पातळ पडद्यातून आपणहून आत शिरतं आणि आतून जोर लावतं, यावर कुणाचा मनापासून विश्वास बसत नाही. म्हणून मी आधी व्हिनेगरमध्ये कवच विरघळवलेलं अंडं त्यांच्या हातात देते. साध्या पाण्यात ते टम्म फुगतं, साखरेच्या पाकात सुरकुततं. शेवटी गंमत म्हणून वॉटर ग्लासच्या, म्हणजे सोडियम सिलिकेटच्या द्रावणात प्रत्येकाला वेगवेगळे क्षार टाकायला लावते. उज्वलाच्या वाट्याला मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेटचा खडा आला होता. खड्यातून निळा कोंब वर निघाला तशा मुलांनी टाळ्या वाजवल्या. उज्वला मात्र पांढरीफटक पडली.

"मॅडम, ही तर बाबांची वेल," ती म्हणाली.

मग बाकीचं तिने एका दमात सांगितलं. रोहितला लहानपणापासूनचा मधुमेह, इन्सुलिनशिवाय तो जगूच शकत नाही. बाबांच्या सांगण्यावरून वडिलांनी कालपासून त्याचं इंजेक्शन बंद केलं होतं. आज दुपारी त्याच्या नावाची वेल. ती वर आली की घरातल्या इन्सुलिनच्या बाटल्या रामकुंडात सोडायच्या. पुढचं मी ऐकलंच नाही. ॲप्रन तसाच अंगावर ठेवून रिक्षा पकडली.

रोहित पहिल्या रांगेत आईच्या, सविताताईंच्या अंगावर रेलला होता. पाण्याची बाटली तोंडाला लावायचा, दोन घोट प्यायचा, पुन्हा मागायचा. मी जवळ वाकले तर त्याच्या श्वासाला नासायला लागलेल्या फळासारखा गोडसर वास येत होता. रसायन शिकवणाऱ्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही. तो ॲसिटोनचा होता. इन्सुलिन थांबलं की रक्तात विष साठायला लागतं, त्याची ही खूण.

उज्वलाचे वडील गोरक्षभाऊ यांचं दिंडोरी नाक्यावर शेतीच्या औषधांचं दुकान. व्यवहाराला पक्का माणूस. मी त्यांना परोपरीने सांगितलं, याला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात हलवा, उशीर झाला तर मुलगा बेशुद्ध पडेल.

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, रोज लेकराला सुई मी टोचतो. जन्मभर टोचायची म्हनतात डॉक्टर. हात लय थरथरतो माझा. थोडं थांबा. एकदा वेल वर येऊ द्या."

मला त्यांचा संताप आला होता, तो त्या बोलण्यापाशी अडकला. हा बाप मूर्ख नव्हता, थकलेला होता. असल्या थकलेल्या माणसांवरच बाबांचं पोट चालतं.

रोहितचं नाव पुकारलं गेलं. तिथल्या रीतीप्रमाणे एका सेवेकऱ्याने भस्माचं बी त्याच्या मुठीत दिलं. आजाऱ्याने मनात आपलं नाव घ्यायचं आणि मग बी बाबांच्या हाती द्यायचं. बाबा एका हातात माइक, दुसऱ्या हातात नवी बरणी घेऊन खाली उतरले. रोहितची मूठ धड मिटतही नव्हती. गोरक्षभाऊंनी त्याला उचलून घेतलं.

तेवढ्यात उज्वला पुढे झाली. तिने भावाच्या मुठीतलं बी काढून घेतलं आणि ते बाबांच्या बरणीत न टाकता रोहितच्या अर्ध्या बाटलीत टाकलं.

सेवेकरी धावले, एकाने तिचा दंड धरला. ती बाटली घट्ट धरून उभी राहिली.

"बाबा, पाणी कुठलंही चालतं असं तुम्हीच म्हणालात. हे आमच्या नळाचं पाणी आहे. यात वाढवा वेल."

बाबांना माघार घ्यायला वाट नव्हती. सगळ्यांनी ऐकलं होतं. त्यांनी डोळे मिटून मंत्र पुटपुटला. बाटलीत काही होत नव्हतं आणि रोहितची मान बापाच्या खांद्यावर कलंडली होती. मग भस्म सुटलं, राखेचा गढूळ थर तळाशी बसला. त्यातून निळसर रेघा निघाल्या आणि पाण्याला निळी झाक आली. कोंब नाही, फांदी नाही.

"पोरीच्या शंकेनं वेल जळाली," बाबा म्हणाले.

गर्दीत कुजबुज सुरू झाली. तिला बाहेर काढा, असं मागून कुणीतरी म्हणालं. मला वाटलं, हरलो आपण.

पण गोरक्षभाऊंची नजर बाटलीतल्या निळ्या पाण्यावर खिळली होती. त्यांनी रोहितला माझ्याकडे दिलं, बाटली घेतली, पाणी फरशीवर ओतलं आणि तळहातावर आलेला खडा अंगठ्याने चोळला. उरलीसुरली राख निघाली. खाली निळाशार खडा होता.

"हा मोरचूद हाय," ते म्हणाले. हळूच म्हणाले, पण बाबांच्या हातातल्या माइकने ते सगळ्यांना ऐकवलं. "माझ्या दुकानात पोत्यानं पडलाय. द्राक्षावर मारतो आपन."

गर्दीत कितीतरी द्राक्षबागायतदार होते. चुन्यात मोरचूद कालवून हंगामभर ज्यांची बोटं निळी होतात अशी माणसं. खडा हातोहात फिरला. रंगनाथ नावाच्या म्हाताऱ्या बागायतदाराने बरणीकडे बोट दाखवून शांतपणे विचारलं, मग त्या पाण्यात काय हाय? बाबांनी माइक बंद केला आणि ते मागे सरकू लागले. गोरक्षभाऊ उत्तरासाठी थांबलेच नाहीत. रोहितला उचलून ते, सविताताई आणि उज्वला दवाखान्याकडे धावले.

मागे राहिलेल्यांना मी सांगितलं. बरणीत तीर्थ नाही, वॉटर ग्लास आहे. साध्या पाण्यात मोरचूद नुसता विरघळतो, यात पडला की खड्याभोवती पातळ पडदा धरतो. आत दाट द्रावण असतं म्हणून बाहेरचं पाणी आत शिरतं, दाब वाढतो, पडदा फुटतो. आतलं द्रावण बाहेर येतं की त्याच्याभोवती लगेच नवा पडदा. असा फुटत, धरत कोंब वर चढतो. तो विमलाबाईंच्या नावाने चढतो तसा कुणाचंच नाव न घेतासुद्धा चढतो. हे ऐकून विमलाबाई खाली बसल्या. बसताना त्यांनी गुडघा धरला होता. मागच्या दाराने सटकणाऱ्या बाबांना बागायतदारांनीच अडवलं आणि पोलिसांच्या हवाली केलं.

रोहित वाचला. आणखी उशीर केला असतात तर अवघड होतं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दवाखान्यातल्या बाकावर गोरक्षभाऊ आपल्या निळ्या अंगठ्याकडे बघत बसले होते.

"रोज हाताळतो मी हा माल," ते म्हणाले. "मंग वळखला कसा नाय?"

"हात जोडलेले होते, भाऊ," मी म्हणाले.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी नर्स इंजेक्शन घेऊन आली तेव्हा त्यांनी सिरिंज स्वतःच्या हातात घेतली. हात थरथरला. तरीही त्यांनी नीट टोचलं आणि रोहितच्या डोक्यावरून हात फिरवला.

उद्या तुमच्या दारीही असा कुणी बरणी घेऊन येईल. बरणी त्याची, बी त्याचं आणि पाणीही त्याचंच असेल, तर मान तुकवण्याआधी आपल्या घरचं पाणी पुढे करा आणि म्हणा, यात टाकून दाखवा. तो रागावेल, शाप देईल. देऊ द्या. हात थरथरला तरी चालेल, पण लेकराचं औषध थांबवू नका.