पाटीवरचा खोटा एक

मी एक जुनी पाटी आहे. पाटी म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांसमोर पेन्सिल आणि ओलं फडकं आलं असेल, तर ते आधी बाजूला ठेवा. माझ्यावर कुणी कधी अ आ इ गिरवलेलं नाही. मी मोटारींच्या शर्यतीतली पाटी. सध्या माझा मुक्काम एका गॅरेजच्या मागच्या भिंतीला, झिजलेल्या टायरांच्या शेजारी आहे. येणारे-जाणारे मला पत्र्याचा तुकडा समजतात. परवा तर एकानं चक्क माझ्यावर रंगाचा ब्रश पुसला. पुसू दे बापडा, त्याला काय ठाऊक मी कोण ते!

मित्रांनो, शर्यतीच्या गाडीत बसलेल्या माणसाला बाहेरचं काही म्हणजे काही कळत नाही. डोक्यावर हेल्मेट, कानात इंजिनाचा गोंगाट, नजर पुढच्या वळणावर. आपण कितवे आहोत, फेऱ्या किती उरल्या, हे त्याला कोण सांगणार? मोठ्या गाड्यांत रेडिओ असतो. लहान गाड्यांच्या शर्यतीत ती चैन नव्हती. तिथे ट्रॅकच्या कडेला, बुटक्या भिंतीमागे, प्रत्येक गाडीचा एक माणूस पाटी घेऊन उभा असायचा. गाडी समोरून जाताना त्यानं पाटी उंच धरायची आणि चालकानं मान जराशी वळवून ती वाचायची. डोळ्याचं पातं लवतं तेवढाच वेळ. पण त्या पाटीवर चालकाचा सगळा भरवसा.

मला बाबांनी बनवलं. बाबा म्हणजे गॅरेजवाले. एका ट्रकच्या कामातून उरलेला अॅल्युमिनियमचा पत्रा त्यांनी कापला, कडा घासल्या, मागे मूठ बसवली, पुढे काळा रंग दिला आणि आकडे अडकवायला हुक लावले. आकडे रंगवले आईनं. आई गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची, त्यामुळे तिचा हात भलता स्थिर. शून्य ते नऊ, सगळे कसे पिवळेधमक आणि ठसठशीत! शिवाय शब्दांच्या दोनच पट्ट्या तिनं केल्या. एक ‘आत’, म्हणजे शर्यत सोडून गाडी आत आण. दुसरी ‘सावकाश’.

“सावकाश कशाला?” बाबा म्हणाले. “शर्यतीत सावकाश बघून लोक हसतील.”

“हसू देत,” आई म्हणाली. “असलेली बरी.”

त्यांच्या लेकीला घरात भिंगरी म्हणत. पायाला भिंगरी लावूनच जन्माला आलेली पोर. दिवसभर पार्सलची गाडी हाकायची, संध्याकाळी गॅरेजात येऊन आपल्या शर्यतीच्या गाडीखाली सरपटायची. तोंडाची टकळी अखंड चालू. पण एकदा स्टिअरिंग हातात आलं, की गप्प! मग तिला जगाची शुद्ध नसे. तिला शर्यतीतच आयुष्य काढायचं होतं, छंद म्हणून नव्हे, कामधंदा म्हणून. आईला वेगाची भीती वाटायची. लांब बसून नुसतं बघणं तिला जमेना, म्हणून तिनं मला हातात घेतलं. काम असलं की भीतीला जागा उरत नाही, असं तिचं म्हणणं.

आणि काय सांगू, आमची जोडी नावाजली गेली! शेजारच्या संघातले म्हणायचे, “या बाईंची पाटी बघा. एक आकडा इकडचा तिकडे नाही.” भिंगरी समोरून जायची, हेल्मेट माझ्याकडे वळायचं, आणि पुढच्याच वळणावर गाडी नेमकी मी सांगितलं तशी पळायची. खोटं कशाला बोलू, मी फुशारले होते.

मग तो अपघात झाला. शर्यतीआधी एक चाचणी असते. प्रत्येकानं आपली सगळ्यात जलद फेरी मारून दाखवायची. ज्याला कमी वेळ लागेल, तो शर्यतीत पुढे उभा राहतो. त्या चाचणीत मी चौथा नंबर दाखवला, भिंगरीनं जिवावर उदार होऊन गाडी पळवली, आणि शेवटच्या वळणावर गाडी टायरांच्या ढिगात घुसली. तिच्या खांद्याचं हाड मोडलं. आई मला तिथेच टाकून धावली. हाड जुळलं, भिंगरी पुन्हा गाडीत बसली. आई मात्र पहिल्यासारखी राहिली नाही. मला उचलण्याआधी ती आता शेवटच्या वळणाकडे बघायची.

पुढच्या शर्यतीची चाचणी आली. भिंगरी पुन्हा चौथी. वेळ अजून शिल्लक होता, म्हणजे पुढच्या फेरीला ती पुन्हा जिवावर उदार होणार. आईनं चारचा आकडा उचलला. थांबली. तो खाली ठेवला आणि माझ्या हुकाला एकचा आकडा अडकवला. मला वाटलं, गडबडीत चुकलं. पण मित्रांनो, आई आकड्यात कधी चुकत नव्हती.

भिंगरीनं मान वळवली. एक! तिनं लगेच वेग कमी केला. उरलेली फेरी ती रमतगमत आली. एक हात बाहेर काढून मूठ हवेत नाचवत होती, भिंतीपाशी उभ्या लोकांना हात हलवत होती. शेजारच्या संघातल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एकानं तर हसत हसत टाळ्या वाजवल्या.

“बघितलंस, आई? पहिली!” हेल्मेट काढत ती ओरडली. तिचा चेहरा नुसता फुलला होता.

तेवढ्यात भोंग्यावर नावं वाचायला सुरुवात झाली. पहिला नंबर भलत्याच कुणाचा तरी. भिंगरी चौथी.

ती माझ्याकडे बघत राहिली. एक अजून तसाच लटकत होता.

“चुकून लावलास?” तिनं विचारलं.

आईला हो म्हणता आलं असतं. ती म्हणाली, “नाही. मुद्दाम लावला. मला तुला थांबवायचं होतं.”

“अगं, मी हात हलवत आले, आई! सगळे हसत होते मला.” भिंगरी म्हणाली. “मी डोळे मिटून तुझ्यावर विसंबते गं तिथे. आता पाटी धर, नाहीतर धरू नकोस. मी बघणार नाही.”

आणि तिनं तसंच केलं. त्या दिवशीच्या शर्यतीत आणि नंतरच्याही शर्यतींत आई मला प्रत्येक फेरीला उंच धरायची, खरेखुरे आकडे लावून. गाडी समोरून सुसाट निघून जायची आणि हेल्मेट नाकासमोर सरळ. माझ्यावर ऊन पडलं, धूळ बसली, कधी बाजूच्या पाटीनं मला ठोसे दिले, त्याचं मला काही वाटलं नव्हतं. पण आपल्याकडे बघायचंच नाही असं कुणी ठरवणं, ते फार लागतं. आईला किती लागलं असेल, विचारूच नका.

मग निवडीची शर्यत आली. एका मोठ्या संघाला पगारी चालक हवा होता, एकच. त्या संघाची मॅनेजरबाई स्वतः भिंतीपाशी येऊन हाताची घडी घालून उभी राहिली. पुढच्या वर्षी भिंगरी त्या संघाच्या वयाच्या अटीत बसणार नव्हती. म्हणजे ही संधी हुकली की हुकलीच. सकाळपासून घरातलं कुणी धड जेवलं नव्हतं.

आणि भिंगरी काय चालवत होती म्हणता! मधल्या फेरीपर्यंत तिनं सगळ्यांना मागे टाकलं. या वेळी माझ्यावरचा एक अगदी खरा होता. तिनं काही तो पाहिला नाही, पण आईचे ओठ हसू लागले होते.

फेऱ्या थोड्याच उरल्या असताना बाबांच्या हातातला पाना एकदम थांबला.

“मागचं डावं चाक बघितलंस?” ते आईला म्हणाले.

“काय झालं?”

“डगमगतंय. थांब, पुढच्या फेरीला नीट बघतो.”

गाडी आली, गेली. मीही पाहिलं. चाक कसं सरळ फिरायला हवं? ते वरच्या बाजूनं आत-बाहेर झोके घेत होतं. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. “बेअरिंग गेलं! चाक निखळणार. त्या लांब वळणावर सगळा भार त्याच चाकावर येतो. तिला आत घे, आत्ताच्या आत्ता!”

ते धावत पंचांकडे गेले. पंच म्हणाले, “मला तर गाडी ठीक दिसली. पुढच्या फेरीला बघतो.” पुढच्या फेरीपर्यंत चाक राहील की नाही, कुणी सांगावं? बाबा तसेच परत धावत आले.

आईनं सगळे आकडे काढून फेकले आणि ‘आत’ची पट्टी माझ्या हुकाला लावली. तिच्या बोटांना घाम सुटला होता, पट्टी दोनदा निसटली. गाडीचा आवाज जवळ आला. आईनं मला डोक्यावर धरलं आणि ती जिवाच्या आकांतानं ओरडली, जणू त्या गोंगाटात ऐकूच जाणार होतं.

हेल्मेट नेहमीप्रमाणे सरळच होतं. पण पिवळ्या आकड्यांऐवजी रुंद पट्टी दिसली म्हणून की काय, अगदी शेवटी ते किंचित वळलं. भिंगरीनं मला वाचलं. मला धरणारी कोण, तेही पाहिलं. आणि तिनं ठामपणे मान हलवली. नाही.

गाडी निघून गेली. आईचा हात खाली आला.

“तिला वाटतंय, मी पुन्हा घाबरलेय,” ती म्हणाली. “पुन्हा खोटं दाखवतेय.”

“अजून एकदा धर!”

“नाही. माझ्या हातात आहे तोवर ती यायची नाही.” आईनं मला बाबांच्या छातीवर आदळलं. “तुम्ही धरा.”

“मी? मी कधी धरलीये का?”

“तेच तर! तुम्ही पाना सोडून पाटी धरलीत, तर तिला कळेल काहीतरी बिघडलंय. तुम्हाला भीती वाटत नाही हे तिला माहीत आहे.” एवढं बोलून ती भिंतीआड खाली बसली, अगदी अंग चोरून, गाडीतून दिसू नये म्हणून. ज्या जागेवर उभं राहण्यात तिचा सगळा जीव होता, ती जागा तिनं अशी सोडून दिली.

लांब वळणाकडून आवाज यायला हवा होता, तो येईना. बाबा पुटपुटत होते, “ये गं बाई, ये.” मॅनेजरबाईच्या हाताची घडी सुटली होती. आला! आवाज आला! गाडी सरळ रस्त्याला लागली, चाक आता आंधळ्यालाही दिसावं इतकं हलत होतं. बाबांनी मला दोन्ही हातांनी उंच धरलं.

उलटं! अहो, माझी कोरी पाठ ट्रॅककडे आणि अक्षरं बाबांच्या नाकासमोर!

“उलटी आहे, उलटी!” आई खालून किंचाळली. “फिरवा ना!”

बाबांनी मला गर्रकन फिरवलं. गाडी जवळजवळ समोर आली होती. हेल्मेट वळलं. त्यानं मला पाहिलं, माझ्यामागे बाबांना पाहिलं. हात हललेला मी पाहिला नाही, मानही हललेली पाहिली नाही. गाडी पुढे गेली.

पण तिचा आवाज बदलला. इंजिनाचा सूर उतरत गेला. भिंगरीनं ती फेरी कडेकडेनं, चालत्या माणसाला लाजवील अशा संथपणे काढली. एकेक गाडी तिला मागे टाकत होती. ती आत वळली आणि आमच्या पुढ्यात येऊन थांबता थांबता ते चाक कलंडलं, निखळलं आणि घरंगळत जाऊन भिंतीवर आदळलं. गाडी एका कुशीवर बसली.

भिंगरी उतरली. तणतणतच दोन पावलं आली. तिनं चाकाकडे पाहिलं. मग त्या लांब वळणाकडे पाहिलं.

“आई कुठाय?” तिनं विचारलं.

आई अजून भिंतीआड बसली होती. भिंगरी तिच्या शेजारी जमिनीवर बसली. पलीकडे दुसराच कुणी जिंकला, त्याच्यासाठी टाळ्या वाजल्या आणि मॅनेजरबाई त्याच्याशी हात मिळवायला निघून गेली.

“गेली गं तुझी जागा,” आई म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

“गेली,” भिंगरी म्हणाली. तीही रडत होती. “पुढच्या शर्यतीला पाटी तूच धरायची. बाबांना नाही जमत. पण खरं दाखवायचं. घाबरलीस तर घाबरले असं लाव.”

आईनं पदरानं नाक पुसलं. “तेवढी अक्षरं कुठायत आपल्याकडे?”

दोघी रडता रडता हसायला लागल्या. बाबा मला काखेत मारून नुसते उभे होते.

पुढची शर्यत हंगामातली शेवटची. बघायला कुणी मॅनेजर नव्हता, जिंकून काही मिळणार नव्हतं. तरी माझा जीव टांगणीला लागला होता. आईचाही. पहिली फेरी संपत आली, आईनं माझ्यावर सहाचा आकडा लावला, अगदी खरा सहा, आणि मला उंच धरलं. घाबरली होती, पण तिनं मला खाली येऊ दिलं नाही. गाड्यांचा थवा सरळ रस्त्यावर आला. पाच गेल्या. मग भिंगरी.

तिनं मान वळवली.

पुढे भिंगरीला दुसऱ्या जातीच्या गाड्यांच्या शर्यतीत काम मिळालं, उशिरा मिळालं, पण पगारी मिळालं. तिथे रेडिओ आहे. माझी गरज उरली नाही आणि मी भिंतीला लागले. त्याची मला तक्रार नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर ब्रश पुसू नका, हे तर मी सांगेनच. पण त्याहून मोठी विनवणी वेगळी आहे. तुमच्या हातातही कधीतरी पाटी येईल आणि आपलं माणूस वेगात समोरून जाईल. त्याला काही होऊ नये म्हणून तुम्हाला खोटा एक लावावासा वाटेल. लावू नका. तुम्हाला भीती वाटत असेल, तर तसं सांगा. ते मान वळवून तुमच्याकडे बघतंय, तोवर त्याला खरं दाखवा.