पोटात बर्फ, कमरेला चावी

मी फ्रिज बोलतोय. उभा नाही, आडवा. दिवाळे गावच्या मासळी बाजारात, सखूबाय कोळणीच्या ओट्यामागे पाठीवर पडलोय, दार आभाळाकडे. मोटर कधीच काढलीय, पाणी जायला तळाला भोक पाडलंय. इथे मला बर्फाची पेटी म्हणतात. म्हणोत बापडे! माझी तक्रार त्याबद्दल नाहीच. माझं डोकं फिरतं ते माझ्या कुलपामुळे.

होय, मला कुलूप आहे, जन्मापासूनचं. कारखान्यात दाराच्या कडेला बसवलं आणि सोबत चावी दिली. अन्नाला कुलूप लावायची कल्पना ज्याला सुचली त्याला एकदा भेटायचंय मला.

माझं पहिलं घर खांदेश्वरला, तिसऱ्या मजल्यावर. मालकीण सुचिता. बाई दुष्ट नव्हती, पण तिला सारखं वाटायचं, संपेल. स्वस्तात मिळालं की आण, कोंब, दार रेटून लाव. मला श्वास घ्यायला जागा नसायची. कामाला येणाऱ्या वेणूबाई कधी विचारायच्या, "ताई, कालची भाजी नेऊ का?" सुचिता म्हणायची, "राहू दे, लागेल." आणि मला कुलूप लावायची.

ती भाजी कधीच लागायची नाही हो! माझ्या पोटात तिला बुरशी यायची. मग चार दिवसांनी नाक धरून कचऱ्यात, तीही वेणूबाईंच्याच हातून. मला इतकी शरम वाटायची की सांगता सोय नाही.

पुढे माझी मोटर गेली आणि मी भंगारात आलो. तिथून सखूने मला दिवाळ्याला आणलं. दाराला लटकणारी चावी बघून ती पोट धरून हसली. "मेल्यांनो, वितळनाऱ्या बरफाला चावी कशाला?" म्हणाली आणि चावी एका डब्यात टाकली. त्या दिवशी मला वाटलं, सुटलो एकदाचा.

आणि खरंच, काय दिवस होते ते! मासळीचा वाटा घेतला की सखू वर मूठभर करंदी, म्हणजे बारीक कोळंबी, फुकट टाकायची. बाजाराची एक रीत होती. बर्फ मागितला की नाही म्हणायचं नाही. ज्याची पेटी भरलेली, त्याने घमेलं भरून द्यायचं. "ठेवला तरी पानी, दिला तरी पानी. दिला तर कुनाची मासळी तरी वाचंल," सखू सांगायची. रोज दहा हात माझ्या पोटात शिरायचे, तरी संध्याकाळपर्यंत मला बर्फ पुरायचा.

मग शेजारच्या ओट्यावर सुनयना बसायला लागली. सखूची धाकटी जाऊ. पोरगी हुशार. मासळीचे फोटो काढून सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकायची, घरपोच द्यायची. नवीन नवीन माणसं दिवाळ्याची मासळी मागायला लागली. त्यातली किती आपल्याकडेही वळतात ते सखूने पाहिलंच नाही. तिला दिसली फक्त गेलेली दोन गिऱ्हाइकं. "माजी गिराइकं खाल्ली हिनं," एवढंच दिवसभर पुटपुटायची.

आधी करंदीची मूठ बंद झाली. मग एक दिवस तिने तो डबा पालथा केला, चावी शोधली आणि कमरेला खोचली. दाराला खट् आवाज झाला. मला तर थेट खांदेश्वर आठवलं.

वैशाखातली गोष्ट. बर्फाच्या कारखान्यात बिघाड झाला आणि सकाळची गाडी आलीच नाही. बाकीच्यांच्या पेट्या कोरड्या. सुनयनाकडे करंजाड्याच्या एका लग्नातल्या हळदीच्या जेवणाची ऑर्डर होती, तिची पहिली मोठी ऑर्डर. ओट्यावर दहा सुरमया आणि वर आग ओकणारं ऊन.

"बाय, दोन घमेली बरफ दे गो. दुपारी न्यायला येतील, तवर टिकली पायजे."

माझ्या पोटात कालचा बर्फ खच्चून भरलेला, मासळी म्हणाल तर चार हलवे! आणि सखू तोंड फिरवून म्हणाली, "नाय हाय."

नाय हाय? अगं बये, गळ्यापर्यंत भरलोय मी! ओरडावंसं वाटलं, पण तोंडालाच कुलूप. तळाच्या भोकातून पाणी मात्र टपटप गळत होतं. सुनयनाने एकदा खाली पाहिलं, एकदा जावेकडे पाहिलं आणि ती आपल्या ओट्यावर परतली. दुपारपर्यंत ओलं गोणपाट घालत राहिली. हळदीवाले आले, सुरमईचा कल्ला उचलून पाहिला, नाक मुरडलं आणि रिकामा टेम्पो घेऊन गेले.

संध्याकाळी माझ्यातला तो बर्फही पाणी होऊन गेला. कुणाच्या कामाला आला? कुणाच्याच नाही!

सखूला वाटलं, जिरली. पण लोक काय म्हणाले ऐका. सुनयनाची मासळी खराब, असं कुणीच म्हणालं नाही. दिवाळ्याची मासळी खराब, असं म्हणाले. ग्रुपवर तेच फिरलं. चार दिवस आमच्या रांगेला गिऱ्हाईक फिरकेना. सखूचे हलवे तसेच परत.

पाचव्या दिवशी सखू खचलेल्या मनाने उशिरा आली. तोवर बर्फाची गाडी रिकामी झाली होती. ओट्यावर बोंबील मांडून ती नुसती बसली. तेवढ्यात सुनयना घमेलं घेऊन समोर उभी.

"पेटी उघड, बाय."

सखूने कमरेची चावी काढली, दोनदा उलटीच घातली. शेवटी दार उघडलं आणि धो धो बर्फ माझ्यात पडला. अहाहा!

"तुज्याकडं उरला का?" सखूने खाली बघत विचारलं.

"ठेवला तरी पानी. तूच सांगायचीस ना?"

सखूने दोन बोंबील बर्फात सरकवले. मग म्हणाली, "त्या दिवशी माज्याकडं बरफ होता गो."

"ठाव हाय. खाली पानी गळत होतं."

सुनयनाने आणखी एक घमेलं आणून ओतलं.

त्यानंतर सखूने मला कुलूप लावलेलं नाही. गिऱ्हाइकं हळूहळू परततायत, करंदीची मूठही परत आली. आता मी गंजलोय, दाराचं रबर फाटलंय, एखाद-दुसरं वर्ष काढीन.

पण मला चीड कशाची येते सांगू? काल पलीकडच्या वेण्या विकणाऱ्या म्हातारीने फुलांच्या टोपलीखाली ठेवायला चार खडे मागितले. सखूचा हात आधी कमरेकडे गेला. चावी चाचपली. मग तिला आठवलं, मी उघडाच आहे.

सखूबाय, खाडी चार पावलांवर आहे गं. एकदा जा आणि ती चावी टाकून ये.