दप्तरातली निळी प्रत

ऋतुजा मुख्याध्यापकांना चावली, हे खरं. कडकडून चावली. पण का चावली ते लिहायचं नाही, असं मला सांगितलं गेलं आणि भांडण तिथून पेटलं.

मी शरणम्मा. सोलापुरातल्या एका शाळेत तिसरीच्या वर्गावर मदतनीस. कागदावर मदतनीस, हाक मात्र मावशी, कारण मावशीला काहीही ऐकवता येतं. माझ्याकडे एकच मूल, ऋतुजा. नऊ वर्षांची, स्वमग्न. बोलत नाही. ऐकते सगळं, पण तिच्यासमोर तिच्याविषयी वाट्टेल ते बोलणाऱ्यांना हे सुचत नाही.

तिच्यासाठी मी भिंतीवर चित्रांची पट्टी लावली होती. प्रार्थना, गणित, पाणी, गोष्ट, डबा, घर. एक काम झालं की ती ते चित्र काढून डबीत टाकते आणि पुढचं बघते. पट्टी आहे तोवर दिवस नीट.

दुसरं काम वहीचं. दिवसभरात काय झालं ते मी वेळ टाकून लिहिते, खाली कार्बन घालून. वरचं पान शाळेत राहतं, खालची निळी प्रत दप्तरातून घरी जाते. ही अट तिच्या आईची, सुकन्याची. मूळची मंगळवेढ्याकडची बाई. पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "ताई, माजी पोरगी मार खाऊन आली तरी सांगायची न्हाय. तुमी लिवा, मी वाचते." मुख्याध्यापक वेणीमाधव सरांनी ती वही वर्षभरात एकदाही उघडली नव्हती.

शनिवारी ऋतुजाच्या आढाव्याच्या बैठकीला शिक्षण खात्याच्या बाई येणार होत्या. म्हणून गुरुवारी सरांनी भिंत साफ केली. भर तासाला पट्टी ओढून काढली.

"सर, तिला लागते ती."

"बालवाडी आहे का ही? शोभत नाही."

गणित संपलं. ऋतुजा उठून भिंतीपाशी गेली. मोकळी भिंत. ती तिथंच हात झटकत, घशातून आवाज काढत उभी राहिली. सरांनी तिचा दंड धरून खेचलं. मी म्हटलं, सोडा. पुन्हा म्हटलं, सोडा. मग ती चावली.

सर मनगटाला रुमाल बांधत म्हणाले, "लिहा. विनाकारण चावली. इतर मुलांना धोका."

"इतर मुलांना कुठं? तुम्हालाच चावली की."

"मावशी, सांगतो तेवढंच लिहायचं."

'धोका' एकदा कागदावर चढलं की शनिवारी ऋतुजा वर्गातून बाहेर. त्याला घरी राहून शिक्षण असं गोंडस नाव आहे. घरी शिकवणार कोण, चूल?

मी लिहिलं: '११.०५ पट्टी सरांनी काढली. ११.१० सरांनी दंड धरून खेचलं. दोनदा सोडा म्हटलं, सोडला नाही. ११.११ ऋतुजा चावली.' खालची प्रत दप्तरात घातली आणि वही पुढे केली.

सरांनी वाचलं, पान टरकन फाडलं, खिशात कोंबलं. "आता नीट लिहा."

"तुम्हीच लिहा. सहीपण तुमचीच करा."

त्यांनी लिहिलं. अक्षर देखणं आहे माणसाचं.

शनिवारी खात्याच्या बाईंनी ते पान वाचलं आणि सुकन्याकडे बघितलं. "तुम्हाला काही म्हणायचंय?"

सुकन्यानं पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. "मला बी एक पान आलंय. रोजच येतंय की. सरांस्नी ठावं न्हाय वाटतं."

बाईंनी दोन्ही पानं शेजारी ठेवली.

"हे मागाहून रचलंय," सर म्हणाले.

"मूळ पान तुमच्या खिशात गेलंय, सर," मी म्हटलं. "शर्ट धुतला नसेल तर बघा."

"आनि दंडावर बोटांचं वळ हायत," सुकन्या म्हणाली. "पोरगी भायेर बसलीय. ती बी वाचा."

बाई बाहेर जाऊन आल्या. बसल्या नाहीत. उभ्यानंच लिहिलं: मुलगी वर्गातच राहील, पट्टी सोमवारी भिंतीवर हवी.

सोमवारी ऋतुजानं गणिताचं चित्र डबीत टाकलं आणि ती पाणी प्यायली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कशाला बघेल? पाणी तिच्या हक्काचं.

दुपारी मला मेमो मिळाला. मुख्याध्यापकांशी उद्धट वर्तन, तीन दिवसांत लेखी खुलासा. जूनमध्ये माझी नेमणूक पुन्हा करायची की नाही, ते सरांच्याच हातात.

उद्धट आहेच मी. तेच पहिल्या ओळीत लिहिलं. वर वेळ टाकली, दुपारचे दोन वीस. खाली कार्बन होताच.