तिसरा हात

मास्तरांनी पक्कडीचं टोक तारेखाली घातलं आणि कटकन तार तोडली. गवत कापायच्या मशीनच्या हँडलला घट्ट बांधलेला दांडा टपकन सुटला. तार हिरव्या वेष्टणाची होती, वेलींना आधार द्यायला आणतात तसली. दोन वेढे दिलेले आणि टोक आत मुडपलेलं, तळहाताला टोचू नये म्हणून.

"वा!" तारेचा तुकडा नाचवत मास्तर म्हणाले. "पाय तुटला तरी चालेल, पण हाताला ओरखडा नको!"

समोरच्या तिघांपैकी कुणीच हसलं नाही. पैलवान बुटाच्या टोकानं वाळक्या गवताचा गोळा उकरत होता. अण्णांनी वयाचा मान म्हणून शेडमधलं एकुलतं एक स्टूल पटकावलं होतं आणि आता ते छताकडे बघत होते. भाची मात्र ताठ उभी होती, दोन्ही हात पाठीमागे. ती मास्तरांच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. तिच्या नवऱ्याची नोकरी सुटली तेव्हा मास्तरांनीच शब्द टाकून तिला इथं लावून घेतलं होतं. दोन वर्षं झाली त्याला. घरात कमावणारी आता ती एकटीच होती.

इस्पितळाच्या आवारातलं सगळं गवत ही तिघं तीन मशीननी कापायची आणि मास्तर शेडमध्ये बसून ती मशीन धडधाकट ठेवायचे. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. पण त्यांच्याकडे पाना मागायला गेलेला माणूस नटबोल्टाची सात पिढ्यांची हकिकत ऐकूनच परत यायचा, म्हणून ते मास्तर.

तासाभरापूर्वी उतारावरच्या पट्ट्यात भाचीच्या वाटेत पाण्याची नळी आली. ती बाजूला करायला तिनं मशीनवरचा हात काढला. हात काढला की दांडा सुटतो, दांडा सुटला की इंजिन बंद पडतं आणि तीन सेकंदांत पातं थांबतं. तो दांडा असतोच त्यासाठी. पण तो बांधलेला होता. मशीन भाचीला मागे टाकून एकटंच उताराला लागलं, नळीचे तीन तुकडे केले आणि झाडाखालच्या बाकाला जाऊन धडकलं. बाकाखाली कुणा रुग्णाच्या नातेवाईक बाईंच्या चपला होत्या. त्या आता चपला म्हणून ओळखू येत नव्हत्या. बाई वर मांडी घालून बसल्या होत्या, म्हणून वाचल्या.

"किती वेळा सांगितलं?" मास्तरांचा आवाज चढला. "या सोमवारी सांगितलं. मागच्या सोमवारी सांगितलं. भिंतीवर एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहून लावलं. गरम इंजिनात पेट्रोल ओतू नका, प्लगची टोपी काढल्याशिवाय पात्याजवळ बोट नेऊ नका, दांडा बांधू नका. तीन गोष्टी! तीनच! पाखरांना सांगितलं असतं तर पाखरं शिकली असती!"

"तुमचं खरंय मास्तर," अण्णा छताला उद्देशून म्हणाले. "पण दीड दीड तास दांडा आवळून धरायचा म्हणजे बोटं आपली राहत नाहीत हो. घरी जाऊन सदऱ्याची बटणं काढता येत नाहीत."

"मग थांबायचं! दर वीस मिनिटांनी थांबायचं. इंजिनही निवतं आणि माणूसही."

"थांबलं की मॅडम खिडकीतून बघतात," पैलवान पुटपुटला.

"मॅडमचं मी बघून घेईन! तुम्ही मला एवढंच सांगा, हे बांधाबांधीचं शहाणपण तुम्हाला शिकवलं कुणी? हं? मी शिकवलं?"

पैलवाननं तोंड उघडलं. अण्णा मोठ्यानं खोकले. पैलवाननं तोंड मिटलं. भाचीनं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. गेली दोन वर्षं हेच चाललं होतं. संध्याकाळी मशीन परत आली की एकाच्या तरी दांड्याला तार. मास्तर तोडायचे, झाडायचे, समजवायचे, कधी रागानं, कधी गोडीनं. तिघंही माना डोलवायची. चार दिवस बरे जायचे, की पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

एवढ्यात इस्पितळाच्या व्यवस्थापक मॅडम शेडच्या दारात आल्या. आत पेट्रोलचा वास असायचा म्हणून त्या कधी उंबरठा ओलांडत नसत. त्यांनी तिथूनच एक छापील कागद पुढे केला.

"मास्तर, पाचच्या आत हा भरून माझ्या टेबलावर हवा. काय झालं, का झालं, जबाबदार कोण. नाव लिहायचं, गोलमाल नको. त्या बाईंचे पाय वर होते म्हणून आज मी तुमच्याशी एवढ्या शांतपणे बोलतेय."

"हो मॅडम."

"आणि ज्याचं नाव येईल त्याला उद्यापासून काम नाही. नातं कुणाचं कुणाशी, ते मी बघणार नाही. तुम्हीही बघू नका."

त्या गेल्या. पैलवान आणि अण्णा दाताळी घेऊन कापलेलं गवत गोळा करायला निघाले. भाची मागे रेंगाळली.

"मामा..."

"जा तू. काम कर."

ती गेली. मास्तरांनी बाकड्यावरचं ऑइल पुसलं, कागद पसरला आणि पेन्सिलीला टोक केलं. तारीख लिहिली. मशीन क्रमांक तीन. घटनेचं कारण: सुरक्षेचा दांडा तारेनं बांधलेला होता. इथवर अक्षर सुरेख आलं. पुढच्या ओळीपाशी पेन्सिल थबकली.

नाव लिहायला काय लागतं? चार अक्षरं. बहिणीचा चेहरा त्यांच्या डोळ्यांसमोर आला आणि त्याच्या शेजारीच त्या चपलांच्या चिंध्या आल्या. मास्तर उठले, हात धुऊन आले, पुन्हा बसले. पुन्हा उठले. आधी मशीन नीट करू, नाव काय, पळून जातंय थोडंच.

त्यांनी प्लगची टोपी ओढून बाजूला केली. एअर फिल्टर वरच्या बाजूला येईल असं बघून मशीन कुशीवर कलंडवलं, नाहीतर ऑइल फिल्टरमध्ये शिरतं. आत चिकटलेला ओल्या गवताचा थर लाकडी फळीनं खरवडला. बाकाच्या लोखंडी पायावर आपटून पातं वाकलं होतं. ठोकून सरळ करायचा मोह एखाद्याला झाला असता, पण वाकलेलं पातं कधी तुटून उडेल याचा नेम नाही. मास्तरांनी ते भंगारात टाकलं आणि नवं चढवलं. कार्बोरेटर उघडला, साफ केला, परत बसवला. मग धूर आत कोंडू नये म्हणून मशीन दाराबाहेरच्या फरशीवर नेलं.

प्रत्येक कामाबरोबर त्यांचं तोंड चालूच होतं.

"पोटच्या पोरीसारखं शिकवलं... पाना कसा धरायचा इथपासून... आणि ही बया तार बांधते. एक माणूस ऐकेल तर शपथ. अण्णांचे केस पिकले, अक्कल हिरवीच राहिली. पैलवानाचं तर बोलायलाच नको..."

इंजिन चालू झालं, पण धाप लागल्यासारखं. मध्येच चढायचं, मध्येच पडायचं. आता एका हातानं वेगाची कळ धरायची आणि दुसऱ्या हातानं स्क्रू केसभर फिरवत, कान लावून आवाज जुळवायचा. त्यासाठी खाली बसायला हवं. मास्तर खाली बसायला गेले तसा दांडा सुटला आणि इंजिन बंद पडलं.

"घ्या!" मास्तर म्हणाले.

त्यांनी पुन्हा दांडा उचलून हँडलला लावला. बोलणं थांबलं नव्हतं. "सांगून सांगून घसा बसला माझा, नियम म्हणजे काय गंमत वाटते यांना..." आणि हात आपल्या सवयीनं एप्रनच्या खिशात गेला, वीतभर तार घेऊन बाहेर आला. एक वेढा. दुसरा वेढा. अंगठ्याच्या नखानं टोक आत मुडपलं. दोरी ओढली, इंजिन लागलं, मास्तर उकिडवे बसले आणि स्क्रूला हात घातला.

कान लावायला मान तिरकी केली, तेव्हा त्यांना फरशीच्या कडेला भाची उभी दिसली. हातात दाताळं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, हँडलकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं की रागही नव्हता. रोज दिसणाऱ्या गोष्टीकडे माणूस जसं बघतो, तसं ती बघत होती.

मास्तरांनी तिच्या नजरेमागोमाग नजर नेली.

इंजिन चढत होतं, पडत होतं. मास्तर उकिडवेच राहिले. स्क्रू ड्रायव्हरचं टोक स्क्रूच्या खाचेतून केव्हा निसटलं त्यांना कळलं नाही. बऱ्याच वेळानं ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि त्यांनी तारेचं टोक नखानं उचकटून वेढे सोडवले. दांडा सुटला. तीन सेकंदांनी पातं थांबलं.

मग भाची म्हणाली, "मामा, माझं नाव लिहा. आईची काळजी करू नका. तिला काय सांगायचं ते मी सांगते."

मास्तर तारेचा तुकडा बोटांत फिरवत राहिले.

"खरंच लिहा. हात सोडला तो मीच ना? त्या बाई खाली पाय सोडून बसल्या असत्या तर?"

"दाताळं ठेव," मास्तर म्हणाले. "इकडे ये. दांडा धर."

"मी?"

"मला हात दोनच आहेत."

तिनं दोन्ही हातांनी दांडा धरला. मास्तरांनी दोरी ओढली.

"किती वेळ धरू?"

"जमेल तेवढा. दुखला की सोड."

"बंद पडेल की!"

"पडू दे. परत चालू करू."

ती दोनदा थकली, दोनदा इंजिन बंद पडलं आणि मास्तरांना पुन्हा दोरी ओढावी लागली. दुसऱ्यांदा तर आवाज अगदी जुळत आलेला असताना. मास्तरांनी डोळे मिटून घेतले, ओठ घट्ट दाबले, पण बोलले नाहीत. एरवी पाच मिनिटांचं काम, आज वीस मिनिटं लागली. शेवटी इंजिन एका सुरात चालायला लागलं.

पावणेपाचला कागद मॅडमच्या टेबलावर होता. मॅडमनी तो वाचला, चष्मा सरळ केला आणि पुन्हा वरपासून वाचला.

"मास्तर, हे काय? पहिलं नाव तुमचं आहे."

"हो."

"भाचीला वाचवताय?"

"तिचंही नाव आहे मॅडम. खाली. दांडा तिनं बांधला, तेही लिहिलंय." मास्तरांनी घसा साफ केला. "तिनं पाहिलं कुठं, ते वर लिहिलंय."

"तुम्ही तर मशीन चालवतही नाही."

एरवी मास्तरांनी इथून सुरुवात केली असती: इंजिन म्हणजे काय, हवा आणि पेट्रोल एकमेकांत कसं मिसळतं, स्क्रू कशासाठी फिरवावा लागतो. मॅडमनीही तशी तयारी ठेवून खुर्चीला पाठ टेकली होती. पण मास्तर नुसतेच उभे राहिले.

मॅडमनी कागद टेबलावर ठेवला.

"तिला लेखी ताकीद देते," त्या म्हणाल्या. "पुन्हा तार दिसली तर तिघंही घरी. आणि तुम्ही उद्यापासून पंधरा दिवस बिनपगारी. नंतर बोलू."

"पंधरा दिवस मशीन कोण..." मास्तर बोलता बोलता थांबले. "बरं."

"खाली अजून एक ओळ आहे. हे काय, 'इंजिनाचा आवाज जुळवताना दुसरा माणूस हवा'?"

"हो मॅडम."

"माणूस कुठून आणू मी?"

"आहेत ती तिघंच पुरतील."

मॅडमनी त्या ओळीखाली रेघ ओढली. मंजूर म्हणून की नामंजूर म्हणून, हे मास्तरांना उलट्या बाजूनं कळलं नाही.

डबा शेडमध्ये राहिला होता. मास्तर तो घ्यायला निघाले तेव्हा लांबूनच इंजिनाचा आवाज आला. एक नंबरचं मशीन. चढत होतं, पडत होतं. पेट्रोलचा जेट कचऱ्यानं अडलाय, त्यांच्या कानानं निदान केलं आणि पाय आपोआप भरभर पडायला लागले. कोपऱ्यावर येऊन ते थांबले.

दाराबाहेरच्या फरशीवर भाची उकिडवी बसली होती. एका हातात वेगाची कळ, दुसऱ्या हातात स्क्रू ड्रायव्हर, मान तिरकी. हँडलपाशी पैलवान उभा होता, दोन्ही मुठी आवळून.

"झालं का गं?" तो ओरडला. "मी काय माणूस आहे का खुंटी?"

"खुंटी बोलत नाही! धरा अजून!"

"बोटं बधिर झाली माझी!"

"मग सोडा की! अण्णा, तुम्ही या!"

"मी आत्ताच धरला होता," अण्णा स्टुलावरून म्हणाले. "चौथा माणूस बघा."

पैलवाननं हात सोडला. इंजिन बंद पडलं. भाचीनं त्याला काही तरी सुनावलं, त्यानं उलट काही तरी सुनावलं. मग हात झटकत, कुरकुरत, त्यानं पुन्हा दांडा धरला.

स्क्रू उलट्या बाजूला फिरत होता. मास्तरांना तो तिथूनही दिसत होता. त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं, मग ते मागे घेतलं. डबा उद्या मागवता आला असता. भाचीनं मान आणखी तिरकी केली, स्क्रू फिरवायची थांबली, थोडा वेळ नुसतं ऐकलं, आणि मग तो दुसऱ्या बाजूला फिरवायला लागली.