बाबांची बटणं

बाबा पुन्हा बोलू लागले. पण ते कसे, हे कळायचं तर सध्या ते विसरून जाऊ. बाबा गप्पच आहेत, असं धरून चालू.

पक्षाघाताचा झटका येऊन गेल्यापासून त्यांना समजायचं सगळं, फक्त शब्द तोंडापर्यंत यायचा नाही. म्हणून दूरच्या शहरात प्रोग्रामर असलेल्या धाकट्या मुलाने त्यांच्या टचस्क्रीन लॅपटॉपसाठी एक पान बनवून पाठवलं. बटण दाबलं की लॅपटॉप बोलणार. पाणी. भूक. दुखतंय. बाबांनी ते पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला.

"अरे, हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेला माणूस तो," बाबांजवळ असलेली त्याची ताई फोनवर म्हणाली. "जन्मात कधी नुसतं 'पाणी' म्हणालेत का? 'पाण्याची काही व्यवस्था?' असं विचारायचे."

"बदलतो."

"मीच बदलते ना. कुठे लिहिलंयस?"

इथे धाकट्याची गोची झाली. त्याने पान ऑफिसच्या सवयीने बांधलं होतं. आधी इतरांनी लिहिलेल्या तयार कोडची शेकडो पॅकेजेस उतरवायची, मग एका यंत्रणेने सगळा कोड दळून त्याचं पीठ करायचं. त्या पिठात ताईला गव्हाचा दाणा सापडणार नव्हता. शब्द बदलायचा तर दळण पुन्हा, आणि गिरणी धाकट्याकडे.

"म्हणजे बाबांना चिडायचं असेल तर तुझी सुट्टी बघून चिडायचं?"

हे त्याला लागलं. त्याने गिरणीच काढून टाकली. साधी फाइल केली, आणि तिच्यात लायब्ररीचा, म्हणजे कुणीतरी लिहून ठेवलेल्या तयार कोडचा, इंटरनेटवरचा पत्ता लिहिला. ब्राउझरच तिथून हवं ते थेट आणणार. ताईला सोपं जावं म्हणून शब्दांची फाइल वेगळी काढून शेजारी ठेवली.

ताईने डबल-क्लिक केलं. कोरं पान.

डिस्कवरून उघडलेल्या पानाला ब्राउझर शेजारच्या फाइलमधला मजकूर असा वाचू देत नाही, सुरक्षेचा प्रश्न असतो. सातासमुद्रापलीकडच्या अनोळखी माणसाची लायब्ररी मात्र चालते.

"आपल्या काकांसारखंच की," ताई म्हणाली. "घरच्यांवर संशय, परक्यांवर विश्वास."

मग शब्दही त्याच फाइलमध्ये घातले. ताई बाबांशेजारी बसून नोटपॅडमध्ये एक ओळ लिही, वाचून दाखव, बाबांनी नकारार्थी मान हलवली की खोड, असं करत राहिली. शेवटी तिने सेव्ह केलं, पान रिफ्रेश केलं आणि बाबांनी बोट टेकवलं.

"प्रस्तुत चहा थंड आहे," लॅपटॉपमधली बाई म्हणाली.

"गरम होता तेव्हा कुठे होतात?" स्वयंपाकघरातून आई कडाडली. आणि मग हातातल्या पळीसकट धावत बाहेर आली.

धाकट्याने हे ऑफिसात फोनवरून ऐकलं. आवाज कुठल्या तरी बाईचा होता, पण वाक्य बाबांचं होतं. जरा वेळाने त्याने ताईकडून लायब्ररीच्या पत्त्यात आवृत्तीचा आकडा घालून घेतला. नाहीतर पलीकडे कुणाला तरी सुधारणा सुचायची आणि इकडे बाबा बंद पडायचे.

बटणं वाढत गेली आणि नवाच ताप सुरू झाला. बाबांचं बोट पडद्यावर फिरायला लागलं की आई म्हणायची "पंखा!", ताई म्हणायची "पेपर!", आणि व्हिडिओ कॉलवरून धाकटा म्हणायचा "नेट गेलं का?" बाबांनी ताईला एक अख्खी दुपार बसवून घेतलं, कपाळाला आठ्या घालून तिच्याकडून शब्दन् शब्द दुरुस्त करून घेतला, आणि रात्री सगळे एकदम बोलत असताना सर्वात मोठं बटण दाबलं:

"सर्व संबंधितांस विनंती करण्यात येते की, अर्जदार बटण शोधत असताना त्याचे वाक्य कुटुंबातील अन्य सदस्यांनी परस्पर पूर्ण करू नये."