डब्बा जुना, पडदा नवा

लॅपटॉप नको म्हंजे नको, हे मीच म्हनलं होतं. जे उचलून नेता येते, ते आमच्या घरातून कोनी ना कोनी उचलूनच नेते. किशोरनं बायकोसाठी चांगला मोबाईल आनला होता. पोळ्याले आला, त्याचा सोताचा पान्यात पडला, तं बायकोचाच खिशात घालून पुन्याले चालता झाला. पोरगा माहाच हाय, पन खरं ते खरं. म्हनून म्हनलं, टेबलावर बसते तोच कॉम्प्युटर घेऊ. मंग पाहू कोन खिशात घालते.

वर्षाली माही सून, अकोल्याची. लग्नाआंधी तिथं एका सीएच्या हापिसात हिशोबाचं काम करे. लग्न होऊन दर्यापूरले आली अन् काम सुटलं.  पन माह्या बाजारच्या भाजीच्या टोपल्या भरता भरता काठावर तिची बोटं आपली टकटक टकटक चालत. मंग एक दिवस त्याच सायबाचा फोन आला. घरून काम करा म्हने, पन कॉम्प्युटर तुमचा पाहिजे. पयला महिना पाहून घेतो, जमलं तं पक्कं. त्या दिवशी पोरीनं तव्यावरची भाकर पार जाळली. 

किशोर फोनवर म्हने, "आई, चांगला महागाचाच घे, पुन्यात सारे तोच घेतेत." उंटावरून शेळ्या हाकाले याचं काय जाते! मी म्हनलं, "तू ठेव फोन." अन् आमी दोघी सासू-सुना बसनं अमरावतीले गेलो.

दुकानदाराचं नाव सागर. तोंडाचा गोड मानूस. पयलेच त्यानं कॉम्प्युटरचा काचेचा डब्बा दाखोला, आतून लाल-हिरवे लाइट फिरून राहिले.

"काय हे बाप्पा, वरातीची गाडी हाय काय?"

"आई, याच्यावर गेम जबरदस्त चालते."

"हिले गेम नाई खेळाचा. काम कराचं हाय."

पोरगी माह्यामागं दडून उभी. मी कोपरानं ढोसलं, "बोल ना वो! भीड भिकेची बहीन." मंग बोलली, अन् बोलली तं काय बोलली! हिशोबाचं सॉफ्टवेअर, एक्सेल, एकाबाजूले एक असे दोन कागद उघडता आले पाहिजेत, कधी कधी व्हिडिओवर मीटिंग. मी तं पाहतच राहिली.

सागरनं ते लाइट बंदच करून टाकले. "मंग वहिनी, तुमाले हे काईच नको. मोठ्या हापिसातले वापरलेले डब्बे येतेत आमच्याकडं. साफ करून आत माहिती साठवाची नवी एसएसडी टाकली का तुमच्या कामाले बस्स होते. पैसे वाचतीन ते मॉनिटरच्या पडद्यावर लावा. दिवसभर डोये तिथंच राहनार."

वापरलेला म्हनल्यावर माहे कान टवकारले. मी दर्यापूरच्या बाजारात वांगे विकते, वरून चमकलं का मी आंधी देठ पाहते. "चालू करून दाखव," म्हनलं. "आता बंद कर. परत चालू कर." बिचाऱ्यानं केलं. डब्बा चटकन उठे, कुरकुर नाई. लाइन गेल्यावर काम बुडू नये म्हनून यूपीएस घेतलं. गॅरंटी बिलावर लिहून घेतली. वर्षालीनं वायफायचं विचारलं, तं त्याले बोटाएवढी पट्टी येगळी लावा लागते म्हने. ते पट्टी मी फुकट उकळली. शेवटी डब्बा जुना अन् पडदा नवा, असं ठरलं.

निंघतानी तो म्हने, "आई, टेबल-खुर्ची?"

"हाय घरी. खुर्च्या तं चार हायेत."

आता आमच्या घरी प्लग अन् वायफाय बैठकीत, अन् बैठकीत आमचे मालक, शेषराव. गुडघे गेल्यापासून सकायपासून खाटेवर पेपर घेऊन बसेल राहतेत. वर्षालीनं पडदा टेबलावर मांडला, कीबोर्ड पाटावर ठेवला, अन् सोता खाली चटईवर बसली. पडदा वर, पोरगी खाली.

"असं काहून वो?" मी विचारलं.

"बाबा बसेल हायेत ना, आई," ते हळूच म्हने.

तिले कोनी सांगतलं नव्हतं. तिनं मले पाहिलं होतं. मालकासमोर मी जन्मात खुर्चीवर बसली नाई. माही सासू बी नाई बसली. खरं सांगू? मले बरंच वाटलं. सून वळनाची हाय म्हनून शेजारच्या शालूले सांगून बी आली.

महिना संपत आला अन् सायबाचा फोन आला. माहा मोबाईल स्पीकरवर होता, मी सैपाकघरातून ऐकलं. "वर्षाली, तुम्ही आधी अशा चुका करत नव्हत्या. आकडे वरचे खाली होताहेत. हे असंच राहिलं तर पुढच्या महिन्याचं काही सांगता येणार नाही." फोन ठेवून पोरगी मान दाबत बसली अन् रडाले लागली. आवाज न करता. बाबा समोर होते ना.

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. जुना डब्बा गयात मारला त्या सागरनं! नंबर लावला, घंटी वाजून राहिली. त्याले सांगाले पाहिजे ना कुठं बिघडलं ते, म्हनून वर्षालीले उठवलं अन् मी बसली तिच्या चटईवर. मान वर केली. दारातलं ऊन सारं पडद्यावर, आकडे अंधारात चाचपल्यावानी. जरा वेळात मान अशी भरून आली, का सागर "बोला आई" म्हने अन् मी फोन कापला. डब्ब्यात काईच खोट नव्हती.

"वर्षाली, खुर्चीवर बस."

"नको आई. बाबा..."

तिनं खुर्चीकडं पाहिलं बी नाई. माह्या सांगन्यानं पोरगी बसनार नाई, हे मले तवाच समजलं. माह्या पाहन्यातूनच तं शिकली होती. मंग मीच भिंतीजवळची खुर्ची ओढली, मालकाच्या पुढ्यात ठेवली अन् बसली. अर्ध्या खुर्चीवरच, पाठ न टेकवता.

मालकानं पेपर खाली केला. "काय झालं?"

"काई नाई. बसली."

"मंग बस ना. मी कवा नको म्हनलं?"

"नको नाई म्हनलं," मी म्हनलं, अन् मले एकदम रडूच आलं, "पन बस बी नाई म्हनलं. एवढा जन्म गेला, एक डाव बी नाई."

मालकानं पेपराची घडी केली. गुडघ्यावर हात ठेवून कन्हत कन्हत उठले, दुसरी खुर्ची टेबलासमोर ओढली, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसली. मंग जाऊन दाराचा पडदा लावला, ऊन अडलं.

"वर्षाली," ते म्हने, "बस बाई."

पोरगी बसली. कीबोर्ड टेबलावर घेतला अन् तिची बोटं चालाले लागली. महिना भरल्यावर सायबाचा फोन आला, पुढं चालू ठेवा म्हने. भाकर पुन्हा जळली, यावेळी माह्या हातची.

आता मी बाजारातून आली का मालक पेपरातून डोकं न काढता म्हनतेत, "बस." रोज म्हनतेत. मी आंधीच बसेल असली तरी म्हनतेत.